ढब्बरनं गिळलेला दात

अकोट, ८ सप्टेंबर

वर्षाली,

आशीर्वाद घे, अन् बसून वाच. उभ्यानं वाचशीन तं पडशीन.

पुस्तक भेटलं. 'भेगेखालची राणी, भाग दुसरा : सन्मार्ग'. नाव वाचलं तवाच चष्मा पुसून परत वाचलं. पण म्हटलं छापणारा येडा असन, आपली भाची तशी नाही.

तुले माह्यात आहे, आमच्या टिनाखाली दुपारपासून बाया हार गुंफतात. माहे हात आता थरथरतात, सुई धरवत नाही. म्हणून मी खुर्चीवर बसून वाचतो अन् बाया गुंफतात. सातवीत दोनदा नापास झालो, पण वाचणं खणखणीत आहे. तुहा पयला भाग टिनाखाली तीन येळा झाला. काळ्या वावराले उन्हाळ्यात भेगा पडतात, त्या भेगेतून टिचकी चोरटी खाली उतरते, अन् करवतीसारखे दात असणाऱ्या राणी करवतीनं लोकांच्या चोरेल सावल्या परत चोरून आणते. काय पुस्तक होतं! चंदा दोन दिवस भेग ओलांडाले भ्याली. पार्बताबाई तं अजूनही भेगेत थुंकत नाही. म्हणे खाली ढब्बर राक्षस जेवाले बसेल असन.

अन् आता? टिचकीनं चोरी सोडली. तिसऱ्या पानावर सोडली! ढब्बरनं मटण सोडलं अन् बचत गट काढला. राणी करवतीले टिचकीनं अकरा पानं भाषण देलं, मंग राणी रडली अन् सुधरली. अकरा पानं! मी असतो तं मीही सुधरलो असतो, सुटका व्हावी म्हणून. अन् दर धड्याच्या खाली चौकट. चौकटीत बोध. 'मित्रांनो, यातून आपण काय शिकलो?' काही नाही शिकलो बाई.

पार्बताबाईनं सुई खाली ठेवली अन् मले विचारलं, "खुशालभाऊ, हे दवाखान्याचं पुस्तक आहे का? गोळ्या कवा वाटतीन?"

चंदा म्हणे, "आबाजी, राणी सुधरली तं आता भ्याचं कोणाले?"

मी बाविसाव्या पानावर थांबलो. तिकडे पंजाबराव हारवाल्यानं त्याच्या शेडमधे मोठा स्पीकर आणून ठेवला आहे. दिवसभर गाणे. दसरा तोंडावर आला. माह्या बाया तिकडे गेल्या तं माहा झेंडू कोण गुंफीन, तुहा बोध?

चार पानं खरी लिहून पाठव. फुलांची गाडी रोज अमरावतीच्या मार्केटात येते, तिच्यासंग दे. फोन करू नको. फोन सुनेच्या खोलीत चार्जिंगले असते. मले एका कानानं आइकू येत नाही, अन् दुसऱ्या कानाले लावला तं सारं घर आइकते.

तुहा मामा,
खुशालराव


अमरावती, १२ सप्टेंबर

प्रिय मामा,

तुमचं पत्र झेंडूच्या पाकळ्यांसकट मिळालं. वाईट वाटलं. लपवत नाही.

मामा, लेखक कायम एका जागी उभा राहू शकत नाही. पहिला भाग मी गंमत म्हणून लिहिला होता. तो वाचून मुलं चोरीचे खेळ खेळतात, अशी तक्रार आमच्या शाळेतल्या दोन पालकांनी केली होती, हे तुम्हाला ठाऊक नाही. साहित्याची काही सामाजिक जबाबदारी असते. टिचकी आता मोठी झाली आहे. तिच्यात परिवर्तन होणं ही कथानकाची गरज होती.

शिवाय हे पुस्तक शाळांच्या ग्रंथालयांसाठी निवडलं जाण्याची शक्यता आहे. निवड समितीपुढे ते गेलेलं आहे. प्रकाशकांनी स्पष्ट सांगितलं, प्रत्येक प्रकरणातून काहीतरी बोध निघायला हवा. यात चूक काय आहे?

तुम्ही बाविसाव्या पानावर थांबलात. हा अन्याय आहे. सहाव्या प्रकरणात ढब्बर पाण्याच्या बचतीवर जे बोलतो, ते वाचून आमच्या मुख्याध्यापिकांच्या डोळ्यांत पाणी आलं. श्रोत्यांची आवड घडवावी लागते, मामा. बायकांना एकदम कळणार नाही, पण तुम्ही नेटानं वाचत राहा. आधी शेवटपर्यंत वाचा, मग मला बोला.

नवी पानं पाठवणार नाही. पुस्तक पूर्ण झालेलं आहे.

तुमची,
वर्षाली


अकोट, १८ सप्टेंबर

वर्षाली,

बस, आता रागावू नको. चूक माही होती. तू म्हटलं तसं नेटानं वाचलं अन् बाया अशा रंगल्या का विचारू नको. पार्बताबाई चहाले उठत नाही. चंदा लेकरू सासूजवळ टाकून लवकर येते. पंजाबरावच्या शेडमधल्या तीन बाया स्पीकर सोडून आमच्या टिनाखाली आल्या. दसऱ्याची चिंता मिटली.

तुले आता पत्र लिहाची गरज नाही. इकडे येण्याची तं अजिबातच नाही. शाळा सांभाळ.

एक बारीक गोष्ट. ढब्बरच्या बायकोचं नाव तू पयल्या भागात ठेवलं होतं का? मले सापडून नाही राह्यलं. अन् राणी करवतीले दात एकूण किती? उगीच विचारलं. बायांले उत्सुकता.

मामा


अमरावती, २१ सप्टेंबर

प्रिय मामा,

मला माहीत होतं! मी म्हटलं नव्हतं का? तुमचं पत्र मी प्रकाशकांना वाचून दाखवलं, तर ते खुर्चीतून उठलेच. म्हणाले, फुलं गुंफणाऱ्या कष्टकरी बायका मूल्यशिक्षणाचं पुस्तक तहानभूक विसरून ऐकतात, याहून मोठी पावती कुठली? त्यांना तुमच्या शेडमध्ये येऊन चित्रीकरण करायचं आहे. ते समितीला दाखवणार. दिवस कळवते.

(ढब्बरच्या बायकोला नाव नाही. ती पहिल्या भागात फक्त एकदा दार उघडते. दात मी मोजलेले नाहीत.)

आता एक विचित्र प्रकार. प्रकाशकांना अकोटहून पंजाबराव नावाच्या गृहस्थांचा फोन आला. ते फार संतापलेले होते. त्यांनी म्हणे दुकानातून आमचं पुस्तक विकत घेतलं आणि आपल्या शेडमध्ये मुलाकडून वाचून घेतलं, तर बायकांनी ओरडाच केला. 'हे ते पुस्तक नाही, यात दात नाही,' म्हणाल्या. पंजाबरावांचं म्हणणं, दुकानदारानं त्यांना डुप्लिकेट पुस्तक दिलं आणि असली पुस्तक खुशालरावांकडे आहे!

आम्ही विचारलं, दात कुठला? तर ते म्हणाले, टिचकी राणी करवतीचा पुढचा दात चोरते, ढब्बर तो तोंडात लपवतो, पहारेकरी 'तोंड उघड' म्हणतो तेव्हा घाबरून गिळून टाकतो, आणि तेव्हापासून सगळं राज्य ढब्बरच्या पोटाकडे डोळे लावून बसलं आहे.

मामा, असं मी एक अक्षरही लिहिलेलं नाही. माझ्या नावानं कुणीतरी बनावट पुस्तक छापून अकोटच्या बाजारात आणलेलं दिसतं. प्रकाशक पोलिसांत जायचं म्हणत आहेत. तुमच्या हातातली प्रत नीट बघा. मी पाठवली तीच आहे ना? छापखान्याचं नाव कळवा. कुणी प्रत बदलली तर नाही?

तुमची,
वर्षाली


अकोट, २३ सप्टेंबर

वर्षाली,

पोलीस-बिलीस काही नको. पंजाबराव लहानपणापासून तसाच आहे. त्याच्या बोलण्यावर गाव कवाच जात नाही, तू काहून जातं?

माही प्रत तीच आहे. छापखाना तोच आहे. दात-बित काही नाही. बाया गुंफता गुंफता आपसात काहीबाही बोलतात, त्यातलंच असन.

चित्रीकरण आता होत नाही. रस्ता खोदेल आहे. बस फाट्यावरच सोडते, तिथून चिखल. टिनाखाली मच्छर इतके का माणूस उचलून नेतीन. चंदाले ताप आहे. पार्बताबाईले बाहेरच्या माणसाचा तिटकारा आहे, मागं विम्याचा एजंट आला तं तिनं त्याच्या अंगावर शिळं पाणी फेकलं. प्रकाशकाले हे सांग. त्याचा कॅमेरा महागाचा असन.

दिवाळीनंतर पाहू. नाही तं पुढच्या वर्षी.

मामा


अमरावती, २५ सप्टेंबर

मामा,

चंदाला ताप नाही. रस्ता चांगला आहे. मी फुलांच्या गाडीवाल्यालाच विचारलं.

मी पंजाबरावांना स्वतः फोन केला. म्हटलं, दाताची सगळी गोष्ट सांगा. तेही सांगायलाच बसले होते, सुरुवातीपासून सांगितली. बोलता बोलता म्हणाले, ढब्बर राक्षस घरी आला की त्याची बायको दारातूनच ओरडते, "पाय धुतल्याबिगर उंबरा ओलांडला तं पाह्य! राक्षस असशीन तुह्या घरचा!"

मामा, हे वाक्य कुणाचं आहे, मला माहीत नाही का? मी उन्हाळ्याच्या सुट्टीत दुर्गामामीच्या हाताखाली वाढले आहे. मामी तुम्हाला 'राक्षस' म्हणायची आणि तुम्ही परत जाऊन पाय धुवायचे. म्हणजे बनावट पुस्तक नाहीच. बनावट तुम्ही आहात.

माझं पुस्तक हातात धरून तुम्ही भलतंच वाचता! दोन वर्षं लागली मला ते लिहायला. रात्रीची झोप घालवली. आणि तुम्ही त्याच्या आडून टिनाखाली राक्षसाला एरंडाचं तेल पाजता! मला पंजाबराव विचारतात, दात बाहेर कधी पडणार?  माझ्याच पुस्तकात पुढे काय होतं ते मला माहीत नाही!

चित्रीकरण ठरलं आहे. ३० तारखेला दुपारी प्रकाशक आणि मी येतो. मी बायकांसमोर बसून माझं सहावं प्रकरण स्वतः वाचणार आहे. खरं पुस्तक काय आहे आणि तुम्ही काय सांगत होतात, ते त्यांना कळू दे.

वर्षाली


अकोट, २६ सप्टेंबर

वर्षाली,

होय. मीच.

माफी मागाले नाही बसलो. तुहं पत्र आल्यावर मी नेटानं वाचलं. पान तेवीस वाचलं. बाया उठल्या. तिघी-चौघी चपला घालून उभ्या राह्यल्या. पंजाबरावचा स्पीकर इथून आइकू येते. मी पुस्तक तसंच धरलं अन् म्हटलं, "थांबा, पुढं आहे. टिचकीनं चोरी सोडली असं राणीले दाखवलं, पण रात्री ती राणीच्या महालात घुसली." बाया चपला काढून बसल्या. आता बसल्या तं पुढं सांगाच लागलं. मंग दुसऱ्या दिवशीही सांगाच लागलं.

तुले वाटते म्हातारा मस्ती करून राह्यला. तेही आहे. पण एक आइक. पार्बताबाईले माणसावर विश्वास नाही, छापेल अक्षरावर आहे. पुस्तकात आहे म्हणजे झालं असन, असं तिचं म्हणणं. तेच मी माह्या मनानं सांगतलं असतं तं म्हणाल्या असत्या, बुढा भकून राह्यला, याले आत नेऊन झोपवा. दुर्गा गेली तवापासून माह्या बोलण्याले घरात कोणी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. सून टीव्हीचा आवाज वाढवते. पोरगा 'हं बाबा' म्हणते अन् मोबाईल पाहते. टिनाखाली मात्र साऱ्या बाया सुई थांबवून माह्या तोंडाकडे पाहतात. कारण माह्या हातात पुस्तक आहे.

तू येऊन खरं सांगशीन. सांग. तुहा हक्क आहे. मंग त्या बाया माह्याकडे कशा पाहतीन, ते मले आत्ताच दिसून राह्यलं. खुर्ची आत उचलून ठेवीन. दसऱ्याचे हार पंजाबराव विकन, त्याचं एवढं काही नाही.

येजो. आलू-वांग्याची भाजी अन् पोळ्या करून ठेवाले सांगतो. प्रकाशक तिखट खाते का?

मामा


(त्याच पाकिटातली चिठ्ठी)

वर्षालीताई,

मी चंदा. आबाजींनी पाकीट गाडीवाल्याजवळ द्याले सांगतलं. चिकटवाच्या आधी माही चिठ्ठी आत टाकून राह्यली. त्यांचं पत्र मी वाचलं नाही. म्हणजे थोडंच वाचलं.

ताई, आम्हाले माह्यात आहे. पहिल्या दिवसापासून. त्यांनी तेविसाव्या पानावर झेंडूची पाकळी ठेवली आहे. पंधरा दिवस झाले, ते पान उलटलं नाही. पार्बताबाईले वाचता येत नाही पण पान उलटते का नाही ते दिसते. तिनं पहिल्याच दिवशी मले कोपर मारलं अन् म्हणे, "बुढ्याच्या पुस्तकात एकच पान आहे अन् त्याच्यात सारं राज्य बसलं." मंग आम्ही ठरवलं, कोणी बोलाचं नाही. बोललं तं ते लाजतीन अन् बंद करतीन. मंग दाताचं काय होईन?

तुमी अकरा पानाचं भाषण वाचा, आम्ही आइकू. पण आबाजींले खोटं पाडू नका. अन् ही चिठ्ठी आली हे त्यांले सांगू नका.

चंदा


अकोट, ४ ऑक्टोबर

वर्षाली,

दसऱ्याचे सारे हार गेले. एक डालं उरलं नाही. पंजाबरावचा झेंडू बाया नव्हत्या म्हणून तसाच सुटा गेला.

त्या दिवशी तू तिथंच होती, पण मी कुठून पाहत होतो ते तुले माह्यात नाही. म्हणून आइक.

तू गाडीतून उतरली तवा तुहं तोंड असं होतं का मले वाटलं खुर्ची आजच आत जाते. प्रकाशकानं कॅमेरा लावला. पार्बताबाईकडे पाहून तो म्हणे, "ताई, नैसर्गिक राहा." ती म्हणे, "मंग काय इस्त्री करून येऊ?" मी म्हटलं, सुरुवात चांगली झाली.

मंग प्रकाशक माह्या मांडीवर पुस्तक ठेवून म्हणे, "मामा, प्रकरण सहा वाचा. पान एकोणपन्नास."  मी तुह्याकडे पाह्यलं. मले वाटलं आता तू उठशीन अन् पुस्तक घेशीन. तू उठली पण. अन् बायांच्या मधात जाऊन बसली, सुई हातात घेतली अन् म्हणाली, "मामा, कालच्या पुढे वाचा."

वर्षाली, आजपर्यंत तू मले शाली देल्या, चष्मा देला, कानाचं मशीन देलं, ते मी घातलं नाही. पण तेवढं वाक्य देलं ते घेतलं.

आता दोन मालक झाले. प्रकाशकाले पान एकोणपन्नास पाह्यजे. बायांले दात पाह्यजे. अन् प्रकाशकाच्या हातात दुसरं पुस्तक उघडं, बोट एकोणपन्नासवर. माह्या डोक्यात तवा जे आलं ते कुठून आलं मले माह्यात नाही. मी म्हटलं, "ढब्बरच्या पोटात त्या दाताले आता कोंब फुटला होता. राणीचा दात, त्याले हुकूम सोडाची सवय. ढब्बरनं बायकोले 'जेवाले वाढ' म्हणाले तोंड उघडलं, तं आतून दातच बोलू लागला."

अन् मंग मी तुहं पान एकोणपन्नास जसंच्या तसं वाचलं. एक अक्षर बदललं नाही. "बंधुभगिनींनो, पाणी हे जीवन आहे. थेंबाथेंबाचे मोल जाणा. आपण नळ बंद करतो का, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारला पाहिजे." अन् मधामधात माहं, "ढब्बर तोंड दाबून धरे, पण दात काही थांबेना." प्रकाशक खूश! बोटानं ओळ न् ओळ लावून पाहून राह्यला. बाया इकडे फुलावर लोळून राह्यल्या. चौकटीतला बोध आला, "मित्रांनो, यातून आपण काय शिकलो?" तशी पार्बताबाई ओरडली, "ढब्बरनं खाताना चावून खावं!"

मी पाह्यलं तं तू ओढणी तोंडात कोंबून बसली होती. डोळ्यातून पाणी. प्रकाशकाले वाटलं लेखिका भारावली. पुसाले रुमाल देला त्यानं तुले.

मंग ढब्बरच्या बायकोनं त्याले परत एरंडाचं तेल पाजलं अन् या येळी दात पडला. कसा पडला ते तिथं बाहेरचा माणूस होता म्हणून मी थोडक्यात सांगतलं. बाया अजून नाराज आहेत. काल सारं परत सांगाले लावलं, तपशिलात.

जाताना तू पाया पडली अन् गाडीत बसली. तुहा राग गेला का आहे, हे लिह. पण एक गोष्ट मात्र मानशीन. इतक्या बाया, दोन शेडच्या, अन् एकीलेही पत्ता लागला नाही. म्हातारा काही इतका कच्चा नाही.

मामा


अमरावती, २० नोव्हेंबर

मामा,

आता जसं आपण बोलतो तसंच लिहून राह्यली. पांढऱ्या कपड्यातलं शाळेचं लिहिणं सहा महिने तरी कपाटात ठेवणार आहे.

समितीनं तो व्हिडिओ पाह्यला. पुस्तक यादीत घेतलं नाही. कारण देलं, 'श्रोते बोधाच्या जागी हसतात.' प्रकाशक डोकं धरून बसले. मले रडू याले पाह्यजे होतं. मी घरी येताना जिलेबी आणली.

राग होता. खोटं कायले बोलू? पण त्या दिवशी तुमी एकोणपन्नासावं पान वाचून राह्यले होते, तवा मले पहिल्यांदा आइकू आलं, मी काय लिहलं ते. दात बोलते असं म्हटल्यावर ते पान एकदम बरोबर बसलं, मामा. ते टिचकीचं बोलणं नव्हतंच. ढब्बरचंही नव्हतं. कोणाच्या तरी पोटात गेलेल्या दाताचंच होतं. माह्याच पोटात. दोन पालक तक्रार घेऊन आले तवा मी घाबरून गिळला असन.

संग पानं पाठवून राह्यली. तिसऱ्या भागाचा पहिला धडा. अजून छापला नाही, म्हणून दोऱ्यानं शिवून पुस्तकासारखा केला, म्हणजे पार्बताबाईचा विश्वास बसन. चौकट नाही. टिचकी परत चोर झाली आहे. राणी सुधरली असं सोंग करून होती, आता दाताच्या जागी तिनं दुसऱ्याचा दात बसवला आहे, कोणाचा ते मी सांगणार नाही. ढब्बरच्या बायकोले नाव देलं. दुर्गा. ती दारातून काय ओरडते ते तुमाले माह्यात आहे.

याच्या आधी कोणाले दाखवलं नाही. आधी टिनाखाली वाचा. जसं आहे तसं वाचा म्हणणार नाही. पण एकदा तरी जसं आहे तसं वाचून पाहा, मंग मले सांगा बाया उठल्या का बसल्या.

अन् हो. त्या दिवशी एकीलेही पत्ता लागला नाही. मी पाह्यलं ना.

तुमची,
वर्षाली


अकोट, २६ नोव्हेंबर

वर्षाली,

वाचलं. जसं आहे तसं. एक शब्द माहा टाकला नाही. एका जागी टाकाले तोंड उघडलं होतं, दुर्गेच्या जागी, पण तू लिहलं तेच बरोबर होतं, मंग पाणी प्यालो अन् पुढं गेलो.

आता शेवंतीचं काम आहे. थंडी पडली, बाया अंगावर शाली घेऊन बसतात. कोणी उठलं नाही. तो दुसऱ्याचा दात कोणाचा, याच्यावर पार्बताबाई अन् चंदाचं भांडण झालं अन् दोन हार उलटे गुंफले. पंजाबरावची माणसं बाहेरून विचारून गेली, असली पुस्तकाचा नवा भाग आला का. मी म्हटलं, बाजारात भेटत नाही. पंजाबरावले हे गाण्यासारखं स्पीकरवर लावता येत नाही म्हणून त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं.

सून परवा टीव्ही बंद करून दारात उभी होती. मी खुर्ची थोडी तिकडे फिरवली.

फक्त एक गोष्ट मले समजली नाही, तू शिकेल आहे म्हणून विचारतो. मी पहिलं पान वाचून संपवलं अन् उलटलं, तं चंदानं पार्बताबाईले कोपर मारलं. दुसरं उलटलं तं साऱ्या बाया खी खी करून हसल्या. मी वर पाह्यलं. हसाची जागाच नव्हती, टिचकी तवा नुसती झोपेल होती. म्हटलं, "काय झालं वं, पार्बताबाई?"

ती म्हणे, "काही नाही खुशालभाऊ. उलटा, उलटा. पुस्तक चांगलं आहे यंदा."

आता हे तिले झोपेल टिचकीवरून कसं समजलं?

मामा